सहीचा मान, मजुरीचा खाडा

शाळेत येणाऱ्या मुलीला दिवसाला एक रुपया द्यायचा, असे महाराष्ट्र शासनाने १९९२ साली ठरवले. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि भटक्या-विमुक्तांच्या गरीब घरांतल्या, पहिली ते चौथीत शिकणाऱ्या मुलींसाठी हा उपस्थिती भत्ता होता. शाळेचे कामाचे दिवस मोजले तर वर्षाला फार तर २२० रुपये. त्या काळी महिन्याकाठी वीस-बावीस रुपये आईच्या हातात पडले तर मीठ-मिरचीचा आणि रॉकेलचा खर्च भागत असे, तेव्हा योजना अगदीच हास्यास्पद नव्हती. पुढे तीस वर्षे लोटली. सरकारे आली, गेली, वेतन आयोग आले, आमदारांचे भत्ते वाढले. तो रुपया मात्र रुपयाच राहिला.

आता हा रुपया रोख न देता मुलीच्या खात्यात जमा करावा असे फर्मान निघाले, आणि तिथे माझा संबंध आला. मी तेव्हा बँकेत अधिकारी होते. आमची शाखा विरारच्या पुढच्या पट्ट्यात. सकाळी सारी वसई दादर-चर्चगेटच्या दिशेने गाडीला लोंबकळत असताना मी उलट्या दिशेने डहाणूच्या शटलमध्ये बसायला मिळणाऱ्या जागेचे सुख भोगत होते. एक दिवस जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका चौतीस मुलींची नावे लिहिलेला कागद घेऊन आल्या. त्या वेळच्या नियमाप्रमाणे खात्यात किमान पाचशे रुपये ठेवावे लागत. २२० रुपये मिळावेत म्हणून पाचशे रुपये भरायचे! बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही हिशेबाच्या माणूस. आई वर्षातून दोनदा इथे येणार. एकदा खातं उघडायला, एकदा पैसे काढायला. दोन वेळचं तिकीट आणि दोन दिवसांची मजुरी वजा करून तिच्या हातात किती उरतं, ते मला मांडून दाखवा. मी ते तसंच्या तसं वर पाठवते."

मी मांडून दाखवले. उत्तर उणे आले. बाईंनी तो कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि पुढचे दीड वर्ष त्या एका कागदावर पंचायत समितीपासून जिल्हा परिषदेपर्यंत भांडत राहिल्या. किमान शिलकेची अट आमच्या शाखेपुरती सुटली, एवढेच यश त्यांच्या पदरात पडले. शिल्लक न ठेवता खाते उघडण्याची सोय सर्वदूर झाली ती पुढे, २०१४च्या जनधन योजनेनंतर. दरम्यान बाईंची बदली झाली होती.

हे सांगायचे कारण, मुलींच्या शिक्षणाबद्दल आपण बोलू लागलो की एकदम फुलेवाड्यात जाऊन पोहोचतो. ते योग्यच आहे. पण ३ जानेवारीला सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घालून झाल्यावर, आपल्याच तालुक्यात, आपल्याच गावात मुलींच्या बाजूने उभी राहणारी जी कोणी बाई किंवा बाप्या असतो, त्याच्या पाठीशी आपण काय उभे करतो, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. शाल आणि श्रीफळ देतो. शालीने थंडी जाते, मजुरीचा खाडा भरून निघत नाही.

आमच्या पालघर जिल्ह्याला या बाबतीत मोठा वारसा आहे. जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी, पण ताराबाई मोडक बोर्डीला आल्या त्या १९४५ साली. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम केलेल्या, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ काढलेल्या ताराबाई मुंबई सोडून समुद्रकाठच्या त्या गावात येऊन बसल्या. त्यांच्या जोडीला आल्या अनुताई वाघ. अनुताईंचे लग्न तेराव्या वर्षी झाले आणि सहा महिन्यांत त्या विधवा झाल्या. पुढे शिकल्या, पुण्यात शिक्षिका झाल्या, आणि ती पुण्याची शाळा मागे ठेवून इकडे आल्या त्या कायमच्याच. १९५७ साली काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले. १९९२च्या सप्टेंबरात अनुताई गेल्या तोपर्यंत, म्हणजे सत्तेचाळीस वर्षे, हा मुक्काम हलला नाही.

कोसबाडच्या कामाचे कौतुक बहुधा बालशिक्षणाच्या अंगाने होते. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. वारल्यांची मुले शाळेत का येत नाहीत, याचे उत्तर या दोघींनी पाड्यावर जाऊन शोधले. मुलगा गुरांमागे जातो आणि मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी बसते. उत्तर कळल्यावर उपाय अवघड नव्हता, फक्त तोपर्यंत कोणी केला नव्हता. गुरे चरतात तिथे कुरणशाळा निघाली. आणि पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी राहिली. तान्हे पाळण्यात, मधले बालवाडीत, आणि कडेवरचे ओझे उतरलेली मोठी बहीण वर्गात. मुलगी शिकावी म्हणून तिच्या आईबापांना उपदेश करण्याऐवजी कोसबाडने तिच्या कडेवरचे पोर सांभाळायला घेतले. मूल अंगणात येत नसेल तर शिक्षण अंगणात न्यायचे, ही ताराबाईंची कल्पना. १९७५ साली देशभर सुरू झालेल्या अंगणवाडीच्या मुळाशी तीच आहे.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कल्पनेवर उभ्या राहिलेल्या अंगणवाडीतल्या सेविकेला मात्र पगार मिळत नाही, 'मानधन' मिळते. बँकेत आम्ही 'पगार खाते' उघडायचो तेव्हा हा शब्दांचा खेळ मला फार जवळून दिसला. मानधनवालीला पगारदारासारखे कर्ज मिळत नसे, तिच्या सहीला जामीन म्हणून किंमत नसे. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असे म्हणायला सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साल उजाडावे लागले. गावातल्या मुलींच्या वजनाची, वयाची, लग्नाची आणि शाळा सोडण्याची पहिली खबर जिला असते, ती बाई कागदोपत्री अजून हौशीच.

वसईपुरते बोलायचे तर दुसरी आठवण उसगावची. वसई म्हटले की परगावच्या माणसाला चिमाजी अप्पा, सुकेळी आणि विरार लोकलची गर्दी आठवते. महामार्गाच्या पूर्वेची वसई त्याला ठाऊक नसते. उसगाव त्या बाजूला. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांची विधायक संसद आणि श्रमजीवी संघटना या भागातल्या वेठबिगारांच्या मुक्तीसाठी लढली. वेठबिगारी रद्द करणारा कायदा १९७६चा, पण कायदा दिल्लीत झाला म्हणून दहिसरच्या किंवा भाताण्याच्या मालकाला तो समजला असे होत नाही. या लढ्याबद्दल पंडित दांपत्याला १९९९ साली अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल या लंडनच्या संस्थेचा पुरस्कार मिळाला. पुरस्काराची बातमी सर्वांनी वाचली. भोंगा शाळांची फार थोड्यांनी.

दिवाळी झाली की आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. भट्टीवर राहायला जी काडक्या-पेंढ्याची किंवा कच्च्या विटांची झोपडी रचतात, तिला भोंगा म्हणतात. त्या भोंग्यातच शाळा भरवायची, ही नव्वदच्या दशकात विधायक संसदेने सुरू केलेली भोंगा शाळा. इथेही मुलींचा प्रश्न कोसबाडचाच होता: आई विटा थापते, म्हणून तान्हे मुलीच्या कडेवर. भोंगा शाळेत ती तान्ह्यासकट येऊन बसे. शिकवणारे बहुतेक जवळपासच्याच गावपाड्यांतले, चार इयत्ता शिकलेले तरुण-तरुणी. भट्टीमालकाच्या डोळ्यांवर येणारे काम तेच करत होते, आणि रात्री घरी परतायला त्यांना त्याच मालकाच्या भट्टीवरून रस्ता होता. चळवळीचा इतिहास लिहिताना नेत्यांची नावे येतात. हा परतीचा रस्ता येत नाही.

आता कायदा पुष्कळ पुढे गेला आहे. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेला व्यवस्थापन समिती दिली. तीन-चतुर्थांश सदस्य पालक, आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. अध्यक्ष पालकांतला, मुख्याध्यापक सचिव, आणि शाळेचे बँक खाते दोघांच्या सहीने चालणारे. बँकेच्या काउंटरमागे बसणाऱ्या माणसाला या तरतुदीचा अर्थ जितका कळतो तितका तो विधानसभेतही कळत नसेल. जिचा नवरा कालपर्यंत रेशनकार्डही तिच्या हाती देत नव्हता, ती बाई आता शाळेच्या चेकवर सही करणार! सुरुवातीला नवरे बरोबर येत. "ती काय सांगणार, मला विचारा," म्हणत. काही ठिकाणी चेकबुकातल्या साऱ्या चेकवर एकदमच सह्या घेऊन ठेवलेल्या असत. मग एखादी बाई दुसऱ्यांदा येई ती एकटी, आणि विचारी, "गेल्या खेपेस काढलेले पैसे कशाला लागले, ते पासबुकात दिसतं का?" पासबुकात ते दिसत नाही. पण हा प्रश्न विचारला गेला की गावात ती बातमी होते.

अशाच एका बाईंबद्दल मला लिहायचे आहे. नाव देत नाही. त्यांना आवडणार नाही आणि त्यांच्या गावाला तर नाहीच. त्या महामार्गापलीकडच्या एका पाड्यावर राहतात. शेतीच्या दिवसांत लावणी-कापणी, एरवी मिळेल ती मजुरी. सातवी शिकलेल्या. धाकटी मुलगी शाळेत आहे म्हणून समितीवर आल्या आणि अध्यक्ष म्हणून कोणीतरी बाई हवीच होती म्हणून अध्यक्ष झाल्या. निवृत्तीनंतर मी त्या बाजूला कादंबरीच्या निमित्ताने जाऊ लागले (ती कादंबरी अजून पुरी झालेली नाही, हे जाता जाता) तेव्हा त्यांची ओळख झाली.

अध्यक्षपदाच्या पहिल्या महिन्यात त्यांनी एकच विषय धरला. शाळेत मुलींचे स्वच्छतागृह होते. त्याला कुलूप होते. चावी मुख्याध्यापिकेच्या टेबलाच्या खणात. कुलूप का, तर सुटीत बाहेरचे लोक घाण करतात. म्हणजे घाण करणार बाहेरचे आणि अडणार मुलींचे. प्रत्येक शाळेत स्वच्छतागृह हवेच, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली बजावले. २०१४च्या १५ ऑगस्टला पंतप्रधानांनी लाल किल्ल्यावरून मुलींसाठी वेगळ्या स्वच्छतागृहांची घोषणा केली. लाल किल्ल्यापासून या खणापर्यंत सारे काही पोहोचले होते, फक्त चावी बाहेर येत नव्हती. वयात आलेल्या मुली दुपारी घरी जात आणि परत येत नसत.

मुख्याध्यापिकाही खलनायिका नव्हती. साफसफाईला माणूस नाही, हे तिचे दुखणे खरे होते. समग्र शिक्षा योजनेत तीसपर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १० हजार आणि शंभरपर्यंत पट असला तर २५ हजार रुपये अनुदानाची तरतूद झाली, त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर. ही शाळा पहिल्या गटातली. म्हणजे वर्षाला एक हजार, महिन्याला त्र्याऐंशी रुपये. त्यात फिनेलची बाटली येईल, ते ओतणारा माणूस येणार नाही. अध्यक्षबाईंनी तोड काढली. चावी मुलींच्या हाती द्यायची, सहावी-सातवीच्या मुलींनी आठवड्याची पाळी लावायची. लगेच एक पालक उठला: "आमच्या पोरी शाळेत संडास धुवायला येतात काय?" बाई म्हणाल्या, "बरोबर. मग पोरांचीपण पाळी लावा." पाळी पोरांची लागली, पोरींची लागली, आणि आपण काय ठरवले आहे हे कळायच्या आत तो ठराव संमत झाला. स्त्री-पुरुष समानतेवरची पुष्कळ भाषणे मी ऐकली आहेत. या ठरावाइतकी मुद्देसूद त्यातली थोडीच होती.

पण या अध्यक्षपदाचा खर्च किती? समितीची सभा महिन्यातून एकदा घ्यायची असते आणि ती शाळेच्या वेळेत भरते, कारण शिक्षकांना गाडी गाठायची असते. सभेच्या दिवशी बाईंची मजुरी बुडते. चारशे रुपये रोज धरा, वर्षाचे ४,८०० झाले. शाळेच्या वर्षाच्या अनुदानाच्या जवळजवळ निम्मी रक्कम ही एक मजूर बाई शाळेला देते आणि तिची पावती कोणी फाडत नाही. उलट सभेला आली नाही तर 'अनुपस्थित' असा शेरा पडतो. नगरसेवकाला सभाभत्ता असतो, सहकारी बँकेच्या संचालकाला असतो, बँकेत आम्हाला बाहेरगावच्या कामाला प्रवासखर्च आणि दिवसाचा भत्ता असे. ज्यांना परवडते त्यांना भत्ता आणि ज्यांना परवडत नाही त्यांना मान, असा आपला रिवाज आहे.

शहरातली स्थिती बरी असेल असे वाटते, पण तिथला गुंता वेगळा. वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका मिळून ३ जुलै २००९ रोजी महापालिका झाली, तरी प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडेच राहिल्या आणि त्यांच्या हस्तांतराची चर्चा वर्षानुवर्षे चालली. पालकाने गाऱ्हाणे न्यायचे तरी कुठे? २०१७च्या सुमारास एसटीने शहरातल्या फेऱ्या महापालिकेच्या बससेवेवर सोडून द्यायचे ठरवले, तेव्हा विद्यार्थ्यांसह लोक विरोधात उतरले आणि प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला. बस ती बसच, काय फरक पडतो, असे तेव्हा पुष्कळांना वाटले. ग्रामीण भागातल्या शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो तो एसटीचा. लाल गाडी गावात यायची थांबली की मुलीच्या शाळेला तिकीट लागते, आणि तिकीट लागले की आधी कोणाचे बंद होते हे सांगायला नको.

मुंबईत याबाबत एक प्रयोग झाला, तो इथे सांगण्याजोगा आहे. २००८ साली चेंबूरची कोरो, टाटा समाजविज्ञान संस्था आणि आयसीआरडब्ल्यू या संशोधन संस्थेने महापालिकेच्या ४५ शाळांत सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर 'जेम्स' नावाचा कार्यक्रम सुरू केला. खेळ, गप्पा, वही लिहिणे यांतून घरकाम, मारहाण, लग्नाचे वय अशा विषयांवर बोलायचे. दोन वर्षांनी मुलांच्या मतांत चांगला फरक दिसला. मारामारी कमी झाली का, याचे उत्तर तितके सरळ आले नाही, आणि ते त्यांनी लपवले नाही, म्हणून मला त्या कामाबद्दल अधिक विश्वास वाटतो. कोरोचे दुसरे काम मला त्याहून मोलाचे वाटते. सुजाता खांडेकर आणि त्यांचे सहकारी वस्त्यांतल्या, खेड्यांतल्या बायका-पुरुषांना नेतृत्वाची फेलोशिप देतात. म्हणजे शिकवतात, आणि त्या काळात पैसेही देतात. आपल्याच गावात राहून काम करणाऱ्या माणसाला पोटाची तजवीज करून देणे, ही साधी गोष्ट शासनाच्या एकाही समितीला सुचू नये याचे नवल वाटते.

समित्यांना तोटा नाही. १० मार्च २०२२च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत 'सखी सावित्री समिती' नेमायला सांगितले. मुलींची सुरक्षितता, गळती, बालविवाह हे सारे तिच्याकडे. ऑगस्ट २०२४मध्ये बदलापूरला एका शाळेतल्या चिमुरड्यांवरच्या अत्याचाराने लोक रेल्वेरुळांवर उतरले, तेव्हा कळले की कित्येक शाळांत ही समिती कागदावरसुद्धा नाही. मग घाईघाईने फलक लागले. आमच्या अध्यक्षबाईंच्या शाळेतही लागला. त्या म्हणाल्या, "ताई, आता महिन्याला दोन सभा. म्हणजे दोन खाडे."

नालासोपाऱ्यातल्या एका शिक्षिकेने सांगितलेली हकिकत याला जोडूनच आठवते. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात चित्रे बदलली. आई आणि वडील मिळून पालेभाजी निवडताना दाखवले. वर्गात मुले हसली. या बाईंनी भाषण दिले नाही. दुसऱ्या दिवशी मेथीची जुडी आणली आणि साऱ्या वर्गाकडून निवडून घेतली. त्यावर दोन घरांतून तक्रार आली, तीही मुलग्यांच्या आयांकडून. मुख्याध्यापक पाठीशी राहिले म्हणून निभावले. ते नसते तर जुडीचा खुलासा लेखी द्यावा लागला असता. मला त्या मुख्याध्यापकांचे फार वाटते. त्यांनी स्वतः काहीच केले नाही, फक्त एक तक्रारअर्ज फायलीला लावला आणि पुढे सरकवला नाही.

अध्यक्षबाईंची दोन वर्षांची मुदत यंदा संपत होती. पुन्हा उभे राहायला त्या तयार नव्हत्या. मजुरीचे कारण त्यांनी सांगितले, आणि इतर स्त्री सदस्यही तेच म्हणत होत्या. अखेर विषय निघाला सभेच्या वेळेचा. सभा संध्याकाळी साडेपाचला, कामावरून परतल्यावर घेतली तर खाडा पडत नाही. पण मुख्याध्यापिका विरारहून येतात आणि त्यांची शेवटची बस पाचची. त्यांच्याही घरी सासू आजारी. दोन बायकांच्या दोन खऱ्या अडचणी समोरासमोर येऊन बसल्या, आणि शासन निर्णयात यावर एक ओळ नाही.

तोड निघाली ती अशी. सभा साडेपाचला होईल आणि नंतर मुख्याध्यापिकांना मोटारसायकलने महामार्गापर्यंत सोडले जाईल. तिथून त्या रिक्षा धरतील. सोडायला जातात ते अध्यक्षबाईंचे यजमान, जे पूर्वी बँकेत "मला विचारा" म्हणत बरोबर येत असत. बाई पुन्हा अध्यक्ष झाल्या आहेत. मोटारसायकलच्या पेट्रोलचा खर्च कोणत्या खात्यातून टाकायचा, हा पुढच्या सभेपुढचा विषय क्रमांक तीन आहे, आणि त्यावर माझा सल्ला मागितला आहे.